पाचवा दिवस

सकाळची उन्हं परसातल्या छपरावर आली, तरी बजाबाईला अजून कुणी पाणी दिलं नव्हतं. सोमवार होता. तिचा नवरा जोतीराम गुरव देवळात जायच्या गडबडीत होता. टेंभुर्णीजवळच्या त्या वाडीत महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घरात चालत आली होती आणि त्या घराचं सोवळं पंचक्रोशीत नावाजलेलं होतं.

"विजयमाला, वाईच पानी घाल की गं," बजाबाईनं कुडाआडून हाक मारली.

सून तांब्या घेऊन आली. लांब उभी राहून तिनं वरून धार धरली. लुगड्यावर थेंब उडू नये म्हणून निऱ्या आवरून घेतल्या. हे सगळं तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूनं शिकवलं होतं.

गावातल्या बाकीच्या बायका पाळीचे चार दिवस बाहेर छपरात बसायच्या आणि पाचव्या दिवशी न्हाऊन चुलीपाशी जायच्या. बजाबाईचा पाचवा दिवस उगवतच नव्हता. दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती, तेव्हा पहिल्यांदा अंगावर जास्त गेलं. मग ते वाढतच गेलं. कधी दोन-चार दिवस थांबायचं, न्हाऊन आत जावं म्हणेपर्यंत पुन्हा सुरू. यंदाच्या आषाढापासून तर तिनं उंबरा ओलांडलाच नव्हता. आता पौष लागला होता. थंडीत कुडातून वारा यायचा आणि ती पोत्यावर अंग चोरून पडायची. नखं पांढरीफटक पडली होती. चार पावलं चाललं की छाती भात्यासारखी हलायची. कुडाची माती खरवडून खावीशी वाटे आणि कुणी बघत नसलं की ती खायचीही.

जोतीरामला बायकोची माया नव्हती असं नाही. त्यानं महादेवाचा अंगारा आणून दिला, कुणा वैदूची मुळी तांदळाच्या धुवणातून दिली. पण दोन्ही त्यानं छपराबाहेरच्या दगडावर ठेवलं आणि मागं सरला.

"अवो, मला टेंभुर्णीच्या डाक्टरला दावा की," ती एकदा म्हणाली.

"बायकांचं दुखनं गड्याला कसं दावायचं? आन एस्टीत बसवून धा मानसांना शिवायचं व्हय?"

"मग मी मरायचं का?"

"वय झालं की जातंय आपोआप. माज्या आईलाबी हुतं."

"त्या कशानं गेल्या मग?"

जोतीराम देवळाकडं चालू लागला. त्याची आई याच छपरात गेली होती.

एके दुपारी घरात कुणी नसताना बजाबाई भिंतीच्या आधारानं उठली आणि बसत-उठत मळ्याच्या विहिरीपर्यंत गेली. काठावर बसली. पाणी हिरवं, गार आणि खोल होतं. पाय आत सोडले की संपलं, असं तिला वाटलं. पण मग मनात आलं, आपण इथं पडलो तर लोक म्हणतील, गुरवाच्या बायकोनं विहीर बाटवली. अख्ख्या वाडीचं पाणी जाईल, शिव्या घरच्यांना बसतील. जीव द्यायलासुद्धा तिला जागा नव्हती. ती पदर तोंडात कोंबून रडली आणि आली तशी परत छपरात येऊन पडली.

पुढच्या सोमवारच्या आदल्या दिवशी विजयमालाची पाळी आली. एरवी त्या दिवसांत ती जवळच्या माहेरी जाऊन बसायची, पण या खेपेला पाळी चार दिवस आधीच आल्यानं जमलं नाही. तीही बाहेर बसली, त्याच छपरात, सासूच्या शेजारी. आता दोघीही विटाळाच्या, त्यामुळे एकमेकींना शिवायला आडकाठी नव्हती. विजयमालानं सासूच्या पायाला हात लावला आणि तिला धक्काच बसला. पाय सुजून खांबासारखे झाले होते. बोट दाबलं तिथं खड्डा पडत होता. कोपऱ्यात भिजल्या चिंध्यांचा ढीग साचला होता.

"आत्याबाई, ह्ये येवढं रोज जातंय? तुमी बोलला न्हाईसा!"

"कुणापाशी बोलू पोरी?"

विजयमाला पाय चेपू लागली. आषाढानंतर बजाबाईच्या अंगाला लागलेला तो पहिला माणसाचा हात. ती सुनेचं मनगट धरून लहान लेकरासारखी हुंदके देत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीकडे जायला म्हणून बजाबाई उठली आणि जागीच कोसळली. विजयमालाच्या ओरडण्यानं जोतीराम मागच्या दारात आला. अंगावर ओलं धोतर, हातात पूजेचं ताम्हन.

"मामंजी, उचला त्यास्नी! डोळं पांढरं झाल्यात!"

जोतीरामचे ओठ हलले, पण पाय हलले नाहीत. देवळात घंटा वाजत होती, लोक वाट बघत होते. त्यानं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा ताम्हनाकडं.

"मामंजी!"

"पूजा उरकून आलोच मी," तो पुटपुटला आणि वळला.

मग विजयमाला उठली. तशीच उंबरा ओलांडून घरात शिरली. चुलीपुढून गेली, देव्हाऱ्यापुढून गेली, वाकळ ओढली आणि सासूला त्यात गुंडाळून पाठीवर घेतलं. वजन असं उरलंच नव्हतं. सडकेवर श्रीपूरच्या कारखान्यावर ऊस खाली करून परतणारी एक रिकामी बैलगाडी तिनं आडवं उभं राहून थांबवली. गाडीवान परमुलखातला ऊसतोड्या. त्यानं जात विचारली नाही, विटाळ विचारला नाही. पाचटावर जागा करून दिली आणि बैलांना हाकारलं. टेंभुर्णीच्या डॉक्टरानं नाडी बघताच सोलापूरची वाट दाखवली.

बजाबाईला शुद्ध आली ती सोलापुरातल्या दवाखान्यात. बाटलीतून रक्त चढत होतं. श्रीपूरच्या त्याच कारखान्यात कामाला असलेला तिचा मुलगा, विजयमालाचा नवरा मानसिंग निरोप मिळताच धावत आला होता आणि त्यानं आपलं रक्त दिलं होतं. अंगात थोडी ताकद आल्यावर शस्त्रक्रिया झाली. गर्भपिशवीत नारळाएवढी गाठ निघाली.

"बाई, इतकं रक्त गेलं तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात कुणाला दिसलं कसं नाही?"

"दिसायला कुनी जवळ याया पायजे की, बाई."

 खाटेच्या कडेला बसून डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला.

काही दिवसांनी जोतीराम आला. खाटेपासून हातभर लांब थांबला आणि सवयीनं प्रसादाचं खोबरं वरून तिच्या ओंजळीत टाकू लागला. बजाबाईनं ओंजळ मिटून घेतली.

"हातात द्या."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. खोबरं खाटेवर ठेवलं आणि खालमानेनं सांगू लागला, "घर बाटलं म्हणून गावानं पूजा चुलतभावाकडं दिलीया. हिंदुराव पाटील म्हंत्यात, शुद्ध करून घ्या, मग बघू. तुज्यावर गोमूत्र शिंपडायचं. आन पोरीला म्हायेरी धाडायची. इटाळात देव्हाऱ्यापुढनं गेली ती."

"तिनं मला जगवली."

"व्हय, पन देवाचं..."

"देवाचं तुमी बगत बसला. मी मरत हुती."

जोतीरामच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण तो 'चुकलो' म्हणाला नाही. बजाबाईनं त्याची वाटही पाहिली नाही.

ती वाडीत परतली तेव्हा दारात पाटील आणि चार जाणती माणसं बसली होती. गोमूत्राची वाटी तयार होती. एका बाजूला विजयमालाची ट्रंक बांधून ठेवलेली. बजाबाई सुनेचा हात धरून पुढं झाली, मागं मानसिंग होता.

"पाटील, माज्या अंगात आता ह्या मानसिंगचं रगत हाय. त्ये बाटल्यालं हाय का? मग शिंपडू नगा. ही पोरगी जाणार न्हाय, आन ह्या घरात इथून फुडं कुनी बाई छपरात बसणार न्हाय."

"मग पूजा गेली म्हून समजा," हिंदुराव म्हणाले.

"गेली तर गेली."

जोतीरामचा चेहरा राखेसारखा झाला. पूजा खरंच गेली. गावानं सणावाराला बोलावणं बंद केलं. पुढच्या महिन्यात विजयमालाची पाळी आली, तेव्हा बजाबाईनं तिला चुलीपाशी बसवून गरम भाकरी वाढली. जोतीराम आपली थाळी घेऊन ओट्यावर जाऊन जेवला. कितीतरी दिवस तो तिथंच जेवत राहिला. बजाबाईनं त्याला आत बोलावलं नाही, की कधी टाकून बोलली नाही.

उन्हाळ्यात एका टळटळीत दुपारी मागच्या दाराशी सावली हलली. हिंदुराव पाटलांची बायको दगडाबाई डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून उभी होती. उंबऱ्यापासून चार हात लांब.

"बजाबाई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "मलाबी लई जातंय गं. दोन म्हैनं झालं. कुनाला सांगू नगंस."

तिची नखं पांढरी पडली होती. बजाबाईनं जाऊन तिच्या दंडाला धरलं. दगडाबाई अंग आक्रसून मागं सरली.

"शिवू नगं, म्या तसली हाय..."

"आत ये," बजाबाई म्हणाली आणि दंड न सोडता तिला घरात घेऊन आली. पाणी पाजलं, हातात भाकरी दिली. मग पायात वहाणा घालून विजयमालाला म्हणाली, "पोरी, चार वाजताची एस्टी हाय. आमी दोगी सोलापूरला जातो. पाटील कुटं गेली म्हून इचारत आलं, तर खरं सांग."