देवीच्या नथीची शपथ

वाईच्या त्या आळीत उत्सवाच्या देवीचे दागिने चाळीस वर्षं अनंतरावांच्या कपाटात राहिले, आणि अनंतराव देव मानत नव्हते. त्याआधी दागिने सांभाळणाऱ्या बाळासोच्या वडिलांनी देवीची नथ फलटणला गहाण टाकली; ती सोडवून आणली, पण भाविकांचा एकमेकांवरचा भरवसा उडाला. मग सगळ्यांना पाटबंधारे खात्यातला हा कारकून आठवला. तो देवाला हात जोडत नसे आणि कुणाचा फुकट चहाही पीत नसे.

अनंतराव जाऊन महिना झाला. बाळासो आता उत्सवाचा पंच होता. आळीतली माणसं घेऊन तो पेटी न्यायला आला. यादीप्रमाणे सगळं जागच्या जागी निघालं. तरी त्यानं ताटात बेल-भंडारा पुढं केला. या घरात दागिन्यांना कुणी हात लावला नाही, अशी अनंतरावांच्या पत्नीनं, शकुंतलाबाईंनी, बेल उचलून शपथ घ्यायची.

"यांना कधी घातली होती शपथ?" त्यांनी विचारलं.

"आवं वैनी, ते मानतच न्हवते. त्यांच्या शपथेला काय किंमत? तुमी मानता, म्हणून तर."

"म्हणजे मानणाऱ्याचाच भरवसा नाही तुम्हाला."

कुणीतरी हसलं. ताट तसंच पुढं राहिलं.

शकुंतलाबाईंचा हात उठेना. लेक अबोलीच्या लग्नाआधी त्यांनी नवऱ्याला किती विनवलं होतं, पोरीच्या नाकात ती नथ एका फोटोपुरती घालू द्या. आपली नव्हे, एवढंच म्हणून ते ऑफिसला गेले. मग शकुंतलाबाईंनी देवीची क्षमा मागून पेटी उघडली आणि दुपारच्या आत नथ परत ठेवली. देवीनं क्षमा केली असं त्या धरून चालल्या. नवरा करील याची खात्री नव्हती, म्हणून त्याला कधी सांगितलं नाही.

मागून कुणीतरी पुटपुटलं, नास्तिकाचं घर, काहीतरी झालंच असणार.

"नथ मी काढली होती," शकुंतलाबाई म्हणाल्या. "एकदा. यांना ठाऊकसुद्धा नव्हतं."

बाळासोचा आवाज एकदम मऊ झाला. "वैनी, तुमी सोळा सोमवार करणाऱ्या. तुमी न्हाई असं करायच्या. नवऱ्याचं पाप अंगावर घिऊ नगा."

त्यांनी देवघरातल्या पोथीखाली लपवलेला फोटो आणून दाखवला. नथ नाकात होती, अबोली हसत होती. फोटो हातोहात फिरला. आता तर सगळ्यांची खात्रीच पटली, की अनंतरावांनी देवीचा दागिना लेकीला घातला. त्या जितकं पुन्हापुन्हा सांगत, तितक्या बायका कौतुकानं माना हलवत. सोन्यासारखी बाई, म्हणत. देवाला भिणारी, पण नवऱ्यासाठी खोटं बोलली बिचारी.

यापुढं दागिने आपण जपू, म्हणून बाळासोनं स्वतः बेल उचलला. पेटी त्याच्या घरी गेली.

पुढच्या मंगळवारी शकुंतलाबाई आरतीला गेल्या. नास्तिकाची बायको म्हणून आजवर त्यांना दारापाशी उभं राहावं लागे. त्या दिवशी बायकांनी सरकून त्यांना थेट देवीसमोर जागा करून दिली.