पऱ्हाटीत हरवलेलं कानाचं मशीन

दुपारी वावराच्या धुऱ्यावर जेवायला बसलो आणि बायकोचे, विमलचे, ओठ नुसतेच हलताना दिसले. कानाला हात लावला तर मशीन नाही. आमची नात नयन नुकतीच बोलायला लागली होती. काल फोनवर पहिल्यांदा ‘आबा’ म्हणाली, तेव्हा मी बोरी अरबच्या बाजारात. आज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ती पुन्हा म्हणणार आणि मी ठार बहिरा होऊन तिचं तोंड पाहत बसणार.

“कुठी काढलं होतं?” विमल कानाशी ओरडली.

“काढलं नाही. पडलं.”

“पण कुठी?”

तेच तर आठवेना. सकाळपासून विमल कापूस वेचत होती आणि मी शेजारच्या ओळीत बोंडअळी पाहत होतो. कोणकोणत्या पऱ्हाटीच्या झाडाला किडकं बोंड होतं, ते झोपेतही सांगेन. पण मी स्वतः कुठे थांबलो, काय केलं, सगळं कोरं. विमलला विचारण्यातही अर्थ नव्हता. वेचणाऱ्या बाईला कापसाशिवाय काही दिसत नाही, हे माझं ठाम मत. ते मी बोलूनही दाखवलं.

तिनं भाकर बाजूला सारली. हात धुतले आणि सरळ वावरात शिरली. मी मागोमाग.

“इथं पाणी पेले तुमी,” ती ओरडून सांगू लागली. “तिथं बोंड फोडून पाह्यलं. मंग त्या वाकड्या पऱ्हाटीपाशी डोक्याचा दुपट्टा सोडून डोकं पुसलं.”

वाकड्या पऱ्हाटीखाली, ढेकळांत, मशीन पडलं होतं. दुपट्ट्यात अडकून निघालं असणार.

पुसून कानात घातलं. आनंद व्हायच्या आधी मला रागच आला.

“काय वं, तुहं ध्यान कापसावर होतं का माह्यावर?”

“दिवाळीत चक्कर येऊन इथंच पडलते ना तुमी? तवापासून कापूस हातच येचतेत. डोये तुमच्यापाशी रायतात.”

एवढं बोलून ती कापसाची ओटी बांधायला लागली. सकाळपासून शेजारी होतो, पण तिनं हिरवं लुगडं नेसलंय हे मला आत्ता दिसलं. माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी मुलानं, अमरनं, पुण्याहून फोन लावला. पडद्यावर नयन आली, नाक फुगवून म्हणाली, “आबा.” अगदी स्वच्छ ऐकू आलं.

“पाह्यलं का, कशी बोलली?” मी विमलला विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. तिनं फोनकडे पाहिलंच नव्हतं. मला ऐकू येतं की नाही, ते ती माझ्या तोंडावर पाहत बसली होती.