पिवळं आलंय

आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, आयुष्यभर बॉयलर तपासत आले. बॉयलरच्या जगात निरुपद्रवी इशारा असा प्रकारच नसतो. अशा माणसाकडे मावशीच्या लॅपटॉपचा बॅकअप सोपवायची अवदसा मला आठवली आणि तिची फळं मी रोज सकाळी भोगत होते.

"पिवळं आलंय." फोन उचलला की एवढंच.

बॅकअपचा प्रोग्रॅम ओपन सोर्स, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला आणि तितकाच बडबड्या. काम चोख करायचा, पण शेवटी पिवळ्या अक्षरांत कुरकुरायचा, की अमुक सॉकेट वगळलं.

"काका, सॉकेट म्हणजे दाराची बेल समजा. प्रोग्रॅम एकमेकांना हाक मारायला ठेवतात. घर बदलताना आपण सामान नेतो, बेल वाजल्याचा आवाज नेत नाही."

"पण इशारा आहे ना तो?"

"आहे. पण काही होत नाही त्यानं."

"काही होत नाही म्हणणाऱ्यांचेच बॉयलर मी सील केलेत."

मग अचानक फोन यायचे थांबले. आधी सुटल्यासारखं वाटलं, नंतर चुकल्या-चुकल्यासारखं. शेवटी एका सकाळी मीच त्यांच्या घरी जाऊन धडकले.

मावशी टेबलाशी पेन्सिलींना टोक काढत बसली होती. ती मुलांसाठी पक्ष्यांचं पुस्तक करत होती. वर्षभराची चित्रं, सगळी लॅपटॉपवर, आणि लवकरच ती छापायला द्यायची होती. लॅपटॉप मात्र टेबलावर नव्हता.

"रोज हिरवं येतंय," काका खुशीत म्हणाले. "मीच बंदोबस्त केला. सेटिंगमध्ये वगळायच्या गोष्टी टाकायची जागा आहे. ज्या फोल्डरमधून ती पिवळी कटकट यायची, तो तिथे टाकला. आता बॅकअप चुटकीसरशी होतो."

चुटकीसरशी म्हटल्यावर मला शंका आली.

"कोणता फोल्डर?"

"हिच्या नावाचा."

"काका, तिचं सगळं त्यातच आहे. आणि जे वगळलं, ते जुन्या कॉपीतूनही निघून जातं. डिस्क भरू नये म्हणून मीच तसं करून ठेवलंय. लॅपटॉप कुठंय?"

"दुरुस्तीला. फार रखडत होता. काल देऊन आलो. म्हटलं, बिनधास्त कोरा करा, बॅकअप आहे."

पेन्सिल खाली ठेवून मावशीनं चपला घातल्या. दुकानाचा फोन कुणी उचलेना, तेव्हा आम्ही तिघं तसेच निघालो. काका घरातल्या सपाता घालून सगळ्यांच्या पुढे.

दुरुस्तीवालीनं अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर खोचला होता. समोर आमचा लॅपटॉप, कोरा करकरीत.

"मस्त पळतोय आता," ती म्हणाली.

मावशी मटकन खुर्चीत बसली. काका पांढरेफटक पडले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण त्यांच्याकडे बघून ओरडवेना.

आमचे चेहरे बघून दुरुस्तीवाली चाचरली. "तसं, कोरा करण्याआधी मी कॉपी काढते. बॅकअप आहे म्हणणाऱ्यांची तर काढतेच. पण तुमच्या कॉपीत जरा गडबड झाली. शेवटी पिवळं आलं. काहीतरी वगळलं म्हणे. म्हणून सांगायला संकोच वाटत होता."

"सॉकेट?" काकांनी विचारलं.

"हो, तेच."

"अहो, दाराची बेल ती," काका म्हणाले. "काही होत नाही त्यानं."

मावशी आधी हसली की आधी रडली, मला नीट कळलं नाही. दुरुस्तीवालीनं कॉपी उघडली. सुतार, धनेश, खंड्या, एकेक पक्षी शेपटीसकट हजर होता. मी आनंदानं काकांना मिठीच मारली आणि ते सवयीनं म्हणाले, "बास, बास."

घरी येऊन मी बॅकअप पूर्ववत केला. सॉकेटची कुरकुर तेवढी कायमची बंद करता येत होती, एका ओळीचं काम. मी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"पिवळं आलंय."

"मग?"

"काही नाही. म्हटलं, तुला सांगावं."