कैलासभाऊंचा हिरवा चौकोन

मी तक्ता बोलतोय. शाळेतला पाढ्यांचा नव्हे, हृदयविकाराच्या धोक्याचा. आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या पलीकडे एका लहानशा गावात आरोग्य उपकेंद्र आहे. तिथे बीपीच्या मशीनच्या वर एका खिळ्याला मी लटकलेलो असतो. बोलायची मला सवय नाही, पण जे बघितलं त्यानं मी इतका हादरलोय की आता गप्प राहवत नाही.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. अंगभर चौकोन: हिरवे, पिवळे, केशरी, लाल. वय किती, बाई की पुरुष, बिडी-सिगारेट ओढता का, वरचं बीपी किती, उंचीच्या मानानं वजन किती, एवढं विचारायचं आणि नेमक्या चौकोनावर बोट ठेवायचं. पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याचा धोका किती, ते तिथे दिसतं. हिरवा म्हणजे अशा शंभर माणसांत पाचांहून कमी जणांना. विद्वानांनी देशोदेशीच्या माणसांचा हिशेब मांडून माझे चौकोन भरलेत, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

उपकेंद्रात तपासणी करणाऱ्या मोहिनी मॅडम मला रोज फडक्यानं पुसत. गावालाही माझा लळा लागला, पण लोकांनी माझा पार परीक्षेचा निकाल करून टाकला. हिरवा आला की पास, लाल आला की नापास. पास झालेले चहाच्या टपरीवर सांगत सुटायचे. त्या शंभरातल्या तीन-चार जणांचं काय, हे कुणीच विचारत नसे.

एके दिवशी छायाबाई नवऱ्याला, कैलासभाऊंना, जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. भाऊ संत्र्यांची गाडी चालवायचे, वय सत्तेचाळीस. त्यांचे वडील पन्नाशीच्या आतच शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, बसल्या जागी गेले होते, म्हणून छायाबाईंच्या जिवाला घोर.

"बिडी, सिगारेट?" मॅडमनी विचारलं.

"जिंदगीत हात नाई लावला, मॅडम."

खरंच होतं ते. फक्त बोलताना गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला तोबरा, होता, आणि खर्र्याचा रकाना माझ्याकडे नाही. वडील कसे गेले, त्याचाही नाही. बीपी छान निघालं. मॅडमचं बोट हिरव्यावर आलं. तरी त्या म्हणाल्या, "भाऊ, वडिलांचं ऐकून मले बरं नाई वाटून राह्यलं. खर्रा सोडा, अन् एकदा डॉक्टरले दाखवून येजा."

"हिरवा आला ना? मंग काऊन जाऊ?" भाऊ हसले आणि कॉलर सारखी करून निघाले. छायाबाईंनी माझ्याकडे बघून हात जोडले.

पंधरा-वीस दिवसांतच, दिवाळीच्या तोंडावर, एका सकाळी त्याच भाऊंना चौघांनी उचलून आणलं. गाडीत संत्र्यांचे कॅरेट चढवताना ते छाती धरून खाली बसले होते. त्यांना बाकावर, अगदी माझ्या खाली, आडवं केलं. अंगावर घामाच्या धारा. मॅडमनी रक्त पातळ करायची गोळी चघळायला दिली, अँब्युलन्सला फोन लावला. भाऊंची नजर माझ्यावर खिळली होती.

"मॅडम... माहा तं हिरवा होता ना?"

मला भिंतीत गडप व्हावंसं वाटलं. अँब्युलन्स त्यांना घेऊन सावंगीच्या मोठ्या दवाखान्याकडे गेली, आणि बाकाखाली त्यांची एक चप्पल राहिली.

भाऊ वाचले. पण माझा दुसरा धक्का अजून बाकीच होता. काही दिवसांनी त्यांची आई, शकुबाई, बीपीच्या गोळ्या न्यायला आली.

"मावशी, इतक्या लवकर कशा संपल्या?"

"कैलासनं खाल्ल्या ना, बाई. छायानं तपासनीचं काढलं तवापासून रोज एक खाये. म्हने, बीपी जास्त निंगालं तं गोळी जन्माची मांगं लागते. हिरवा आला अन् दुसऱ्या दिवसापासून सोडली." ती पदराशी चाळा करत राहिली. "मले वाटलं, मायच्या गोळ्या लेकानं खाल्ल्या तं काय बिघडते?"

मॅडमनी रजिस्टर उघडून भाऊंच्या बीपीच्या आकड्याखाली रेघ मारली. म्हणजे मला दाखवलं ते भाऊंचं बीपी नव्हतंच, ते आईच्या गोळ्यांचं होतं! आणि आणखी एक गोष्ट मला खात राहिली. खरं बीपी कळलं असतं तर मॅडमनी उपचार नक्की सुरू केले असते, पण मी तरी फार तर पिवळा झालो असतो. खर्रा आणि वडील मला तेव्हाही दिसले नसते.

दोन महिन्यांनी भाऊ आले. उतरलेला चेहरा, हृदयात स्टेंट. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, आज खरं बीपी हाय. आता माहा रंग पाहा बरं."

मॅडमनी माझ्या तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. "अटॅक येऊन गेला त्याच्यासाठी हा तक्ता नाई, भाऊ."

"एकबी चौकोन नाई?"

"एकबी नाई. गोळ्या आता जन्माच्याच."

भाऊ बाकावर जाऊन बसले. शेजारी तपासणीला आलेले अण्णाजी आपल्या नंबराची वाट बघत होते.

"अण्णाजी, कोनाच्या गोळ्या खाऊन तं नाई आले?" भाऊंनी विचारलं.

अण्णाजी हसले. भाऊ हसले नाहीत. तेव्हा अण्णाजींनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "बायकोच्या."

मी खिळ्यावरून पडायचाच राहिलो. अहो, किती जण असे सजूनधजून माझ्यासमोर उभे राहिले असतील? मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. जसे आहात तसे या. गालातला खर्रा, घरात कोण कसं गेलं, मी विचारलं नाही तरी सांगा. आणि हिरवा निघाला तरी लगेच उठू नका, मॅडम काय म्हणतात ते पुरतं ऐकून जा.