खतमचा डबा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक भिंत समोर आणा. भिंतीवर लांब पट्टी, पट्टीवर ओळीनं चिकटवलेली चित्रं: रंग, झोका, जेवण. खाली एक निळा डबा. एखादं काम झालं की त्याचं चित्र पट्टीवरून काढायचं आणि त्या डब्यात टाकायचं. शाळेत सगळे त्याला खतमचा डबा म्हणत. आता असं समजा, की एका सकाळी तुम्ही शाळेत येता आणि त्या डब्यात तुमचाच फोटो पडलेला दिसतो.

अपर्णाला तसाच तिचा फोटो दिसला.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन दोन वर्षं झाली होती आणि स्वमग्न मुलांच्या या शाळेत अपर्णा नवी शिक्षिका होती. आज काय काय होणार हे मुलांना आधीच दिसावं, म्हणून ती चित्रं. आपल्यासोबत कोण बसणार हे कळावं, म्हणून शिक्षिकेचा फोटो. सकाळी आल्याबरोबर फोटो दिसला नाही, तर नऊ वर्षांची स्नेहल कान दाबून खिडकीखाली उभी राही. मग मागाहून लावून उपयोग नसे. आणि मुख्याध्यापिका विनोदिनी मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाभर पाहू. स्नेहल तुमच्याजवळ बसली, तर तुम्ही राहाल."

सोमवारी फोटो डब्यात. बुधवारी पुन्हा डब्यात.

अपर्णाचा संशय कांताबाईवर गेला. कांताबाई शाळेतली मावशी, शहरातल्याच गुढियारी वस्तीतून येणारी. दुपारी अपर्णा मुलांना रिक्षात बसवायला खाली जाई, तेव्हा वर्गात बाबांची वाट पाहणारी स्नेहल आणि झाडू घेतलेली कांताबाई दोघीच असत. बरं, नेमकं सोमवारी आणि बुधवारी बाई उशिरा उगवली होती. तोंड चुकवायला, दुसरं काय! शिवाय ती विनोदिनी मॅडमना सांगताना अपर्णानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "मॅडम, माही भाची बी बारावी झाली. लेकरं लय आवडते तिले."

त्या दिवसापासून कांताबाईनं पुढे केलेला चहाही अपर्णानं नाकारला.

शुक्रवारी ती अर्धा तास आधी आली आणि दारामागे उभी राहिली. थोड्या वेळानं कांताबाई आत शिरली. इकडंतिकडं पाहिलं, डब्याजवळ वाकली. सरळ झाली तेव्हा तिच्या हातात अपर्णाचा फोटो होता.

"सापडलात!" अपर्णा पुढे झाली. "का करता असं? भाचीसाठी?"

कांताबाई दचकली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माय वो! टाकून नाही राहिली, काढून राहिली! रोज काढतो अन् लावतो. सोमवारी अन् बुधवारी मंत्र्याच्या गाड्यांसाठी रस्ता अडवला, मले उशीर झाला."

"मग टाकतं कोण?"

"तुही लाडकी स्नेहल. घरी जाताना."

कांताबाई फोटो पट्टीवर दाबत बोलत राहिली, "तुह्याआधी दोन दीदी आल्या. दोघीबी मधातच गेल्या. दरवेळी मॅडमनं फोटो डब्यात टाकून पोट्टीले समजावलं, दीदी खतम. आता ते स्वतःच टाकते. कोणी जायच्या आधी."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं त तू बी पळाली असती. अन् भाची कवाचीच अभनपूरले दुकानात लागली. संशयी बाई!"

"चहा आहे का, मावशी?" अपर्णानं हळूच विचारलं.

"हव. पण आज कपबशी तू धुवायची."

स्नेहल आली, फोटो पाहिला, अपर्णाजवळ बसली.

दुपारी मुलांना रिक्षात बसवायला कांताबाई गेली. अपर्णा वर्गातच थांबली. स्नेहलनं रंगाचं चित्र डब्यात टाकलं. झोक्याचं टाकलं. जेवणाचं टाकलं. मग अपर्णाचा फोटो ओढून काढला.

"नको" म्हणावं असं अपर्णाच्या अगदी ओठांवर आलं. पण उद्या येणार हे बोलून कसं पटणार? ते येऊनच दाखवावं लागणार होतं.

स्नेहल डब्यावर वाकली. फोटो बराच वेळ तसाच धरून ठेवला. बाहेर तिच्या बाबांच्या स्कूटरचा हॉर्न वाजला.

तिनं दप्तर उघडलं, फोटो खाण्याच्या डब्याशेजारी उभा ठेवला, चेन लावली आणि दप्तर पोटाशी धरून बाहेर पडली.