पायाचं माप

मृणालने उजव्या बुटाचा सोल वाकवून पाहिला, शिवणीवरून नख फिरवलं आणि चिकटवलेली कड खिडकीच्या उजेडात धरली. सगळं ठीक होतं. फक्त सोलच्या खाचांत माती होती.

"नाना, बाहेर घालून गेलात?"

"मग? बूट काय देव्हाऱ्यात ठेवायला मागवलेत?" सोफ्यावर चिपळ्या पुसत बसलेले नाना म्हणाले. "पार्कात तीन राउंड मारले. एकदम मस्त."

"आधी घरात, चादरीवर चाला म्हटलं होतं ना! सोल मळला की ते परत घेत नाहीत. चीनहून आलेत, यार."

"बापाला यार म्हणतेस! दिल्लीने बिघडवलं तुला, बिल्कुल." नाना हसले. "आणि परत कशाला करायचेत? कुठ्ठे म्हणून लागत नाहीत."

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून नाना नोएडाला तिच्याकडे आले, तेव्हापासून त्यांच्या सुजलेल्या पायांना एकही बूट धड बसत नव्हता. एवढा रुंद पंजा इथल्या मॉलमध्ये मिळेना. परदेशातल्या विक्रेत्याने सेंटिमीटरमध्ये माप मागितलं, तेव्हा तिने नानांना कागदावर उभं करून पेन्सिलने पाय आखले होते. लहानपणी ती झोपलेल्या नानांच्या तळव्याला नुसतं बोट लावायची आणि ते ओरडून उठायचे. त्या दिवशी पेन्सिल बोटांच्या बेचक्यांतून फिरली, तरी ते शांत उभे होते. वय झालं, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

तिने बुटात हात घातला. पुढे, अंगठ्याच्या जागी, काहीतरी टणक लागलं. ओढून काढलं तर पॅकिंगच्या जाड कागदाचा बोळा. लिंबाएवढा, दाबून दाबून चपटा झालेला.

"नाना, हे आत होतं."

"राहिला वाटतं. डाव्यातला मी काढला होता."

"तीन राउंड चाललात. कळलं नाही?"

चिपळ्यांवरचं फडकं थांबलं.

"शुगरच्या गोळ्या मी वेळेवर घेतो," नाना म्हणाले.

तिने शुगरचं काहीच विचारलं नव्हतं.

"रविवारी मंदिरात कीर्तन आहे माझं. दीड तास उभं राहायचंय," ते पुढे म्हणाले, आता जरा हळू. "लोक येणार आहेत. ते मोडायचं नाही."

मृणालने त्यांच्या उजव्या मोज्याकडे पाहिलं. अंगठ्यापाशी रुपयाएवढा ओला, काळपट डाग होता.

"माप पुन्हा घेते," ती म्हणाली. "पाय द्या इकडे. तोवर म्हणा तुमचं रविवारचं."

नाना खूश झाले. त्यांनी डोळे मिटले आणि द्वारकेतला पाय धुण्याचा प्रसंग लावला. देव दारिद्र्याने गांजलेल्या मित्राचा पाय मांडीवर घेतो, एकेक काटा काढतो आणि विचारतो, अरे, एवढं रुतलं आणि तू साधं हायसुद्धा म्हणाला नाहीस? नानांचा आवाज नेहमीसारखाच तिथे दाटून आला.

मृणालने मोजा सोलून काढला. आपल्या मांडीवर घेतलेल्या पायाचा अंगठा तिने पाहिला, मग पेन्सिलचं टोक तळव्याला टेकवलं. दाबलं. करंगळीखाली, मधल्या बोटाखाली, टाचेला. टोकाभोवती कातडी पांढरी पडत होती. तिने आणखी दाबलं.

नानांनी ओळ पुरी केली, समेवर मान डोलावली.

"अगं, बसलीस काय अशी?" डोळे न उघडताच ते म्हणाले. "घे ना माप."