रेचलआजींच्या शेगडीला मिळालेली सुट्टी

मित्रांनो, माझ्या अंगावरचे ओरखडे मोजत बसू नका. तीस वर्षं विस्तवाशी संसार केला की कोणाचंही रूप असंच होतं. मी दोन बर्नरची जुनी गॅसची शेगडी. रोह्याजवळच्या वरसे गावात, रेचलआजींच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम आहे. स्वभावाने मी जरा तापट आहे. पण माझं कामच ते, त्याला इलाज नाही!

आजींचे यजमान मोझेसआजोबा यांनी मला रोह्याच्या दुकानातून स्कूटरवर बांधून आणलं. ते कंपनीत शिफ्टला जायचे, त्यामुळे पहाटेचा चहा असो की दुपारची नारळाच्या दुधातली मच्छी, मला उसंत नसायची. पण माझा खरा मान शनिवारचा. हे घर मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचं, म्हणजे बेने इस्राएलांचं. यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो आणि शनिवारी संध्याकाळी सुटतो. तेवढ्या वेळात विस्तव पेटवायचा नाही आणि विझवायचाही नाही. म्हणून रेचलआजी शुक्रवारी उजेड असतानाच माझा छोटा बर्नर लावायच्या, ज्योत अगदी बारीक करायच्या, वर पत्रा ठेवायच्या आणि पत्र्यावर जेवणाचं भांडं. ती एवढीशी ज्योत मी शनिवारी संध्याकाळपर्यंत सांभाळायची. "ही हाय म्हणून आमचा शनवार गरम हाय," असं मोझेसआजोबा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. मी अशी काही फुगायचे म्हणता!

मग मोझेसआजोबा गेले. मुलगा जोशुआ बायकोला घेऊन इस्राएलला गेला. आजी एकट्या राहिल्या, आणि माझ्याकडे बघायला कोणी उरलं नाही. माझ्या बर्नरची भोकं बुजली. ज्योत पिवळी पडली, भांडी काळी होऊ लागली आणि वर बोलणी मलाच! खरं सांगते, मला फार राग यायचा. माझी रबरी नळी भेगाळली तेव्हा शेजारचे मोरू आले. मोरू भातशेती करतात, आणि पंप, पंखा, सायकल, सगळं स्वतः दुरुस्त करतात. त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी नळीवर गुंडाळली आणि तारेने आवळली. "काय पण होत नाय, वैनी," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. त्यात बारीक ज्योत वाऱ्याने विझू नये म्हणून आजी शुक्रवारी खिडकी बंद करून फटीत फडकं कोंबायच्या. मला बोलता येत असतं तर तेव्हाच ओरडले असते.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका शुक्रवारी व्हायचं ते झालं. दिवस मावळायला दोन तास होते. आजींनी खिडकी लावली, फडकं कोंबलं आणि मला पेटवण्यासाठी काडी हातात घेतली. माझ्या नळीतून, पट्टीखालून गॅस गळत होता. आता ही काडी ओढणार, या विचाराने माझा जीव नुसता कासावीस झाला. तेवढ्यात आजींना वास आला. काडी तशीच खाली ठेवली. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडकी आणि दार सताड उघडलं आणि त्या अंगणात जाऊन बसल्या.

आजींची हाक ऐकून मोरू पक्कड घेऊन धावत आले आणि वास घालवायला पंख्याच्या बटणाकडे निघाले. "बटणाला हात लावू नको!" आजी बाहेरून ओरडल्या. "ठिणगी उडंल. आमच्या ह्यांनी कंपनीतनं शिकवलेलं हाय मला."

नेमका तेव्हाच जोशुआचा फोन आला. दर शुक्रवारी, शब्बाथ लागायच्या आधी, तो न चुकता फोनवर आईला बघायचा. आजींनी खरं ते सांगितलं.  तो म्हणाला, "आई, बस झालं. घराला कुलूप लाव. पुढच्या महिन्यात मी न्यायला येतो. एकटीनं राहायचं नाय."

आजींचा चेहरा उतरला. या घरात त्या नव्या नवरी म्हणून आल्या होत्या, आणि इथून त्यांना कुठेही जायचं नव्हतं. माझं काय, मी भंगारात गेले असते. पण खरं सांगते, तेव्हा मला माझी नाही, आजींची काळजी वाटली.

मोरू म्हणाले, "थांब गो वैनी, नवीन पट्टी बांधतो."

"नाय मोरू," आजी म्हणाल्या, "पंप तुझं काम. गॅसला शिकलेलं माणूस पायजे." आणि त्यांनी मोरूंच्या फोनवरून गॅसच्या पुस्तकावरचा नंबर लावला.

अर्ध्या तासात स्कूटीवरून गॅस एजन्सीची दिपिका आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर हत्यारांची पिशवी. तिने माझी भेगाळलेली नळी काढली आणि तिच्यावर छापलेली तारीख आजींना दाखवली. मुदत कधीच संपून गेली होती. नवी नळी बसवली, रेग्युलेटर तपासला, तारेच्या ब्रशने माझी भोकं साफ केली. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. तिने काडी लावली, आणि मित्रांनो, किती वर्षांनी माझी ज्योत निळीशार पेटली!

फोन चालूच होता. जोशुआने विचारलं, "ताई, आई एकटी राहू शकंल का?"

"गॅसचं विचाराल तर व्हय," दिपिका म्हणाली. "बाकीचं त्यांनाच विचारा. पण काकू, खिडकी लावायची नाय. आणि अशी ज्योत रात्रभर सोडायची नाय."

माझं तोंड उतरलं. माझा शनिवारचा मान गेला!  आजी एकदम म्हणाल्या, "गॅस यायच्या आधी माझी आई भांडं पेंढ्यात पुरून ठेवायची, शनवारी गरमच निघायचं. मोरू, पेंढा हाय का रे?"

"माझ्याकडं पेंढा नसंल तर कोणाकडं असंल?" मोरू हसत पळाले. चुकलेला माणूस इतका खुशीत पळताना मी पहिल्यांदाच पाहिला.

सूर्य मावळायच्या आत भांडं उकळलं, खोक्यातल्या पेंढ्यात बसलं, वर गोधडी आली. सकाळचा चहा थर्मासमध्ये गेला. आजींनी माझं बटण बंद केलं आणि शब्बाथचा दिवा लावला. फोनवर हे सगळं बघून जोशुआ म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात येतो. न्यायला नाय, तुझ्याकडं चार दिवस राहायला."

मित्रांनो, घरी जाऊन तुमच्या शेगडीच्या नळीवरची तारीख एकदा वाचा, आणि वास आला तर शिकलेल्या माणसालाच बोलवा. आमच्याकडे त्या शनिवारी सकाळी आजींनी थर्मास उघडला. चहातून वाफ आली. त्या कप घेऊन माझ्याजवळ आल्या, माझ्या गार अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तीस वर्षं राबलीस गो बाय. आता शनवार तुझा पण."